नानांच्या पाठीखालची गादी

जळगावात मेहरूणच्या रस्त्यावर गोपाल पाटलाचं गादीचं दुकान होतं. फोमच्या गाद्या आल्या, गुंडाळून खोक्यात भरून घरपोच येणाऱ्या गाद्या आल्या, तरी लग्नसराई जवळ आली की आंदणाच्या गाद्यांसाठी लोक त्याच्याकडेच नंबर लावत. कापूस पहिल्या वेचणीचा की शेवटच्या, हे तो मूठ दाबून सांगायचा. गिऱ्हाईक पायरी चढताना त्याची पाठ बघून ठेवायचा आणि मग कापूस जोखायचा. पस्तीस वर्षं ओणवं बसून दाभणाने टाके घातल्यामुळे त्याची स्वतःची कंबर मात्र पार कामातून गेली होती.

एवढं सगळं असून त्याच्या वडिलांनी, प्रेमराज नानांनी, त्याच्या गादीला कधी पाठ लावली नव्हती. नाना भडगावकडचे, गिरणाकाठचे. थोरल्याने दहावीनंतर शाळा सोडून एका गादीवाल्याच्या हाताखाली काम धरलं, ते त्यांना कधीच रुचलं नाही. "कुनबीना पोऱ्या शे आनि लोकेसन्या गाद्या भरस," असं ते चारचौघांत म्हणत. धाकटा हितेंद्र नर्सिंग शिकला आणि धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात लागला. आता तिथे तो वॉर्डचा मुख्य ब्रदर होता. त्याचं नाव निघालं की नानांचा आवाजच बदलायचा. "मना हितू धुळ्याले शे. डाक्टर बी त्याले इचारतस."

आई गेल्यावर नाना बारा वर्षं गोपालकडेच होते. त्यांचं पथ्य, गोळ्या, शनिवारची दाढी, सगळं गोपाल आणि त्याची बायको लता बघत. नाना रात्री जमिनीवर गोधडी टाकून झोपत आणि सकाळी उठून धुळ्याला फोन लावत. गोपाल चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवी आणि हितूशी चाललेलं बोलणं संपेपर्यंत तिथेच उभा राही. आपल्याला काही विचारतील म्हणून. ते विचारत नसत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत नानांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. जळगावातच ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर झोपणं बंद. गोपालने दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि वडिलांसाठी गादी भरली. कापूस दोनदा पिंजून घेतला, खोळ मऊ सुती कापडाची शिवली, कंबरेखाली टाके जवळ जवळ घातले. नानांना चौघांनी उचलून तिच्यावर ठेवलं. ते थोडे हलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरी शे रे."

एवढेच शब्द, पण त्या संध्याकाळी गोपालने ते लताला तीन वेळा सांगितले.

नानांचं वजन ब्याऐंशी किलो. खुब्याच्या दुखण्यापायी ते कुशीवर वळायला राजी नसत. उताणे पडून राहत आणि कुणी हात लावला तर खेकसत. सहाव्या आठवड्यात लताला त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. गोपालला वाटलं, घामोळं असेल. जळगावचा एप्रिल तो. त्याने पावडर लावली. चार दिवसांनी चट्टा काळा पडला आणि आठवड्याने खोलीत वास येऊ लागला. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, बेडसोर आहे, एकाच जागी भार पडून आतलं मांस मेलंय. ते कापून काढावं लागेल आणि बाजूची कातडी मांसासकट सरकवून जागा झाकावी लागेल.

हितेंद्र त्याच दिवशी धुळ्याहून आला. त्याने जखम बघितली, मग नानांच्या पाठीखाली हात घालून गादी दाबली. लताला वाटलं, आता हा काहीतरी लागट बोलणार. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, गादी चांगलीच आहे. पण निजून राहिलेल्या माणसासाठी नाही. कापूस एकदा बसला की हाडाला खालून टोचतो."

तो ओरडला असता तर गोपालला भांडता आलं असतं.

दुसरं ऑपरेशन नीट झालं. सर्जन दोघा भावांना म्हणाले, "तीन आठवडे त्या जागेवर पाच मिनिटंही भार नको. माझं काम झालंय, आता सगळं पलंगावर आणि गादीवर आहे. काय घ्यायचं ते विचार करून ठरवा."

हितेंद्रने दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून एका कागदावर चौकोन आखले. पहिल्या रकान्यात जाड फोम, दुसऱ्यात बुडबुड्यांची हवेची गादी, तिसऱ्यात त्याच्या दवाखान्यातला बेड. समोर त्याने मुद्दे लिहिले: भार कसा वाटला जातो, घाम किती येतो, जड माणसाखाली बसते का, वीज गेली तर किती वेळ हवा धरते, कूस कोण बदलतो. त्याचं अक्षर गोल, सुबक होतं. गोपालला ते अक्षर लहानपणापासून माहीत होतं. नाना पाव्हण्यांना त्याच्या वह्या दाखवत.

"फोम सोडूनच दे," हितेंद्र म्हणाला. "बुडबुड्यांची गादी घरी लावता येते, लहानसा पंप असतो. पण ती अडीच इंचांची. नाना जड आहेत. आमच्याकडच्या बेडवर आठ इंचांच्या आडव्या नळ्या आहेत. एक भरते, दुसरी सैल होते, त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही. नळ्यांतून बारीक हवा निघत राहते, पाठ कोरडी राहते. आणि बेड दर थोड्या वेळाने स्वतःच एका अंगाला कलतो. नानांना तिकडे हलवू या."

"घरी मी बघतो की त्यांना."

"बघतोस रे. पण एकदा येऊन तर बघ. तू गादीतला माणूस. तुझ्या हाताला कळेल."

दुसऱ्या दिवशी गोपाल एसटीने धुळ्याला गेला. हितेंद्रने एका रिकाम्या खोलीत दोन्ही गाद्या मांडून ठेवल्या होत्या. ये-जा करणाऱ्या सिस्टर त्याला 'सर' म्हणत होत्या. एक वयस्क डॉक्टर दारातून डोकावून काहीतरी विचारून गेले. नाना म्हणत होते ते खरंच होतं तर.

गोपाल आधी बुडबुड्यांच्या गादीवर उताणा झोपला. दोनच मिनिटांत त्याच्या कंबरेला खालची फळी जाणवली. त्याचं वजन साठ किलो. मग तो दुसऱ्या बेडवर गेला. पाठ टेकली तेव्हा वाटलं, खाली काहीच नाही. मग कंबरेखालची नळी हळूच भरली, खांद्याखालची सैल झाली आणि बेड अगदी सावकाश डाव्या अंगाला कलला. मणक्यात वीस वर्षं रुतून बसलेलं दुखणं कुणीतरी अलगद सोडवून घेतल्यासारखं झालं. पंपाचा आवाज मांजराच्या गुरगुरण्याएवढा. गोपालने विचार केला, या नळीला आतून अस्तर असणार, शिवण कुठे घेतली असेल, आणि शिवण शोधता शोधताच त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा हितेंद्र शेजारी खुर्चीवर बसून कुणाचा तरी केसपेपर वाचत होता.

"किती वेळ झोपलो?"

"पाऊण तास. उठवलं नाही मी. कशी वाटली?"

गोपाल उठून बसला. कंबर हलकी होती. तेवढ्यात त्याला डोळ्यांपुढे नाना दिसले, याच बेडवर निजलेले, डोळे मिटून 'बरी शे रे हितू' म्हणणारे. नुसतं एवढंच म्हणून थांबणार नाहीत. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतील, मेहरूणच्या घरी पाठ सडनी, हितूनी वाचाडं. तोंडातून शब्द निघून गेले.

"हलते फार. म्हातारा माणूस घाबरेल. आणि खाली दम नाही हिच्यात. बुडबुड्यांची बरी."

हितेंद्रने त्याच्याकडे बघितलं. "तू झोपलास ना पण."

"दवाखान्यात जागरणं झालीयेत माझी. दगडावरही झोपलो असतो."

संध्याकाळी दोघं जळगावात नानांसमोर उभे राहिले. हितेंद्रने कागद काढून एकेक मुद्दा समजावला. नाना कुशीवर पडून ऐकत होते. त्यांनी कागदाकडे बघितलं नाही, थोरल्याकडे बघितलं.

"गोपाल, तू झोपीसन दखं ना? तुले काय वाटस?"

बावन्न वर्षांत नानांनी त्याला पहिल्यांदा मत विचारलं होतं. खरं सांगायला एवढी एकच वेळ होती. गोपाल म्हणाला, "नाना, घरीच बुडबुड्यांची लावू. मी आहे ना."

"मंग तेच करा. गादीनं त्याले समजस," नाना हितेंद्रला म्हणाले.

हितेंद्रने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ठीक आहे. पण पाठीवर अजिबात निजू द्यायचं नाही. दोन दोन तासांनी कूस बदला. आणि वहिनींना सांग, रोज गादीखाली असा हात घालून बघायचं. हाड हाताला लागलं तर लगेच मला फोन."

घरी आणल्यावर गोपालने जिवापाड केलं, हेही सांगायला हवं. घड्याळ लावून कूस बदलली, उशा लावल्या, पाठ पुसली. पण तो मे महिना होता. पारा पंचेचाळीसच्या वर. बुडबुड्यांच्या रबरी गादीवर चादर घामाने चिंब होई. दुपारी वीज जायची, पंप बंद पडायचा आणि गादी हळूहळू खाली बसायची. वाऱ्यासाठी नाना स्वतःच सरकून पुन्हा उताणे व्हायचे.

पाचव्या दिवशी लता बाजारात गेली असताना गोपालने गादीखाली हात घातला. नानांचं हाड त्याच्या तळव्याला लागलं. मध्ये हवा अशी नव्हतीच. त्याने पंपाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, पुन्हा हात घातला. जरा फरक वाटला. फरक वाटला असं त्याने स्वतःला सांगितलं. लता परत आली तेव्हा तिला म्हणाला, "मी बघितलं, ठीक आहे." धुळ्याला फोन केला नाही. फोन केला की हितू येणार, हात घालणार आणि पुन्हा तसंच शांतपणे बोलणार, हे त्याला दिसत होतं.

नवव्या दिवशी सकाळी पट्टी ओली लागली. लताने उघडून बघितली तर तीन टाके सुटलेले आणि कड निळसर काळी.

"भाऊजींना फोन करा," ती म्हणाली.

"आधी इथल्या डॉक्टरांना दाखवू."

लताने पट्टी खाली ठेवली. "तुम्ही धुळ्याहून आलात त्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या काय म्हणालात मला? वीस वर्षांत अशी झोप लागली नव्हती. मला वाटलं, तीच घेताय. दवाखान्यातून येऊन बघते तर ही. मी गप्प राहिले, ती माझी चूक. आता राहणार नाही."

गोपालने फोन लावला. हितेंद्रने तीनच गोष्टी विचारल्या: ताप आहे का, पू आहे का, टाके किती सुटले. मग म्हणाला, "मी ॲम्ब्युलन्स सांगतो. तू त्यांच्याबरोबर बस."

ॲम्ब्युलन्समध्ये नाना डाव्या कुशीवर होते, तोंड गोपालकडे. खड्डा आला की त्यांचा हात गोपालचं मनगट घट्ट धरायचा. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याजवळ गाडी रहदारीत थांबली तेव्हा गोपाल म्हणाला, "नाना, मी खोटं बोललो तुमच्याशी. हितूचा बेड चांगला होता. मी त्याच्यावर पाऊण तास झोपलो होतो."

नानांनी डोळे उघडले.

"कसाले?"

"तो तुम्हाला आवडला असता म्हणून."

नानांनी डोळे मिटले. मनगटावरचा हात काढला नाही, पण धुळं येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. गोपालला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धुळ्यात सगळं झपाट्याने झालं. जखम धुतली, तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी पुन्हा ऑपरेशन ठरलं. तोवर नानांना त्या बेडवर ठेवलं. नळ्या भरल्या, बेड कलला, आणि दहा दिवस कण्हणारे नाना अर्ध्या तासात घोरायला लागले. गोपाल दारात उभा राहून बघत होता. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही. पण त्यातही एक बारीक काटा सलत होता: यंत्राला जे जमलं ते माझ्या हातांना जमलं नाही. त्याला स्वतःची शिसारी आली, तरी काटा निघाला नाही.

त्याने हितेंद्रला जिन्यापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी हाड हाताला लागलं होतं, तेही.

हितेंद्र कठड्याला टेकून ऐकत होता. "पाचव्या दिवसाचं माहीत नव्हतं," तो म्हणाला. "बाकीचं माहीत होतं. तू झोपेतून उठलास तेव्हा तुझं तोंड मी बघितलं होतं."

"मग नानांसमोर बोलला का नाहीस?"

खाली एक बाई डब्याची पिशवी घेऊन जिना चढत होती, ती पुढे जाईपर्यंत हितेंद्र थांबला.

"त्यांनी तुला विचारलं. मी एवढा कागद करून नेला आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवर मला हितू हितू करतात, पण राहायला कधी आले? बारा वर्षं मी बोलावतोय. दोन दिवसांत परत, म्हणे गोपालकडेच बरं. त्या दिवशी मला राग आला. मनात म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते." त्याने चष्मा काढून पुसला. "दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर समजलं असतं. मी रोज हेच काम करतो. मला तसं म्हणायचा हक्क नव्हता."

ज्याच्या नावाने आपण बारा वर्षं आत जळत आलो, तो धुळ्यात बसून आपल्याच नावाने जळत होता, हे गोपालच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. दोघं एकमेकांच्या गळ्यात वगैरे पडले नाहीत. तेवढ्यात सिस्टरने हाक मारली, नानांची चादर बदलायची होती. हितेंद्र म्हणाला, "चल, तू खांदे धर."

तिसरं ऑपरेशन पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं झालं. नानांना ताप आला, एक आठवडा घास जात नव्हता, आणि त्या आठवड्यात गोपाल दुकानाला कुलूप लावून धुळ्यातच राहिला. हितेंद्रची बायको ऋतिका त्याच्यासाठी डबा आणायची आणि काही न विचारता समोर ठेवायची. तिला कळलं होतं की नव्हतं, हे गोपालला कधी समजलं नाही. पुढे ताप उतरला. आषाढ संपता संपता जखम भरली. त्या जागी मुठीएवढा चकचकीत व्रण राहिला आणि नाना काठी घेऊन चार पावलं टाकू लागले.

घरी जायचा दिवस आला तेव्हा गोपालने गाडी ठरवून आणली होती. नाना पलंगाच्या कडेला बसून होते. ॲम्ब्युलन्समधल्या त्या बोलण्यानंतर त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता.

"मी काही दिन हितूकडे ऱ्हासू," ते म्हणाले.

"बरं, नाना."

"राग नै शे मना." मग काठी पुढ्यात घेत, "व्हता. आते नै. पन आठे दवाखाना जोडे शे. आनि ह्या बी मनाच पोऱ्या शे ना रे. त्याले बी कधी वाटत व्हई."

गोपालने मान हलवली. नानांच्या औषधांची पिशवी हितेंद्रच्या हातात दिली, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते सांगितलं. हितेंद्रला ते पाठ होतं, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं. मग गोपाल रिकामी गाडी घेऊन जळगावला परतला.

पंधरा दिवसांनी दुकानात पुना आला. मेहरूणच्याच गल्लीतला, रिक्षा चालवणारा. त्याच्या आईला अर्धांगवायू झाला होता, दीड महिन्यापासून ती पडून होती.

"भाऊ, चांगली मऊ गादी भरून दे आईला. तू नानांसाठी भरली होतीस ना, तशी."

गोपालच्या हातात कापूस होता. त्याने तो खाली ठेवला. "कूस बदलता का तिची?"

"जमेल तशी."

"पाठ बघितली का?"

"थोडी लाल आहे. घामोळं असेल."

गोपाल उठला, हात झटकले. "माझी गादी नको तिला. फोन काढ. धुळ्याला माझा भाऊ आहे, त्याला आत्ताच लाव. कुठली हवेची गादी घ्यायची ते तो सांगेल. ऐंशी किलोच्या माणसाला वेगळी लागते, पन्नासच्या वेगळी. आणि संध्याकाळी मी घरी येतो, हात कसा घालून बघायचा ते दाखवतो."

पुनाने नंबर लिहून घेतला. पायरी उतरता उतरता वळून म्हणाला, "नाना मागे मला म्हणाले होते, हितेंद्रभाऊ फार हुशार आहे म्हणून."

अजूनही ते ऐकलं की गोपालच्या आत कुठेतरी चटका बसायचा. तो दाभणात दोरा ओवायला बसला.

"आहे," तो म्हणाला. "आधी फोन लाव."